एका यंत्रात दोन बिऱ्हाडे, पण भिंत कुठे आहे?

चळवळीतील कुठल्याही छोट्या प्रकाशनाच्या खोलीत जा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात न खपलेल्या पुस्तिकांचे गठ्ठे आणि टेबलावर एक संगणक, हे चित्र सगळीकडे सारखेच. संगणक एक आणि त्याच्यावर बसणारे दहा. सकाळी कुणाच्या तरी मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, दुपारी १४ एप्रिलच्या स्मरणिकेची पाने लावायची असतात आणि संध्याकाळी कुणी तरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो व म्हणतो, "दादा, एवढी दोन पाने प्रिंट काढून द्या." आमच्याकडेही असाच एक संगणक होता. त्या संगणकावर आमचे काय झाले ते सांगण्यासाठी आज लिहीत आहोत. कारण जी चूक आम्ही केली ती आज अनेक ठिकाणी होत आहे, आणि करणारे ती शहाणपण समजून करीत आहेत.

आमच्या स्मरणिकांची जुनी पाने पेजमेकरमध्ये आहेत. अक्षरे श्रीलिपीची. युनिकोड रुळण्यापूर्वीची ती अक्षरे नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली की मराठीचे काय होते, हे ज्यांनी डीटीपीची खुर्ची झिजवली आहे त्यांना सांगायला नको. पेजमेकरची सातवी आवृत्ती ही शेवटची. ती येऊन २० वर्षांहून अधिक काळ लोटला. ती सुखाने नांदते जुन्या विंडोज एक्सपीवर. पण एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. अशी ऑपरेटिंग सिस्टिम नेटला जोडणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे. आणि अर्ज भरायचे तर नेट हवेच! मग आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने तोडगा काढला. हार्ड डिस्कचे तीन भाग पाडले. एकात एक्सपी, तिला नेट नाही. दुसऱ्यात विंडोज १०, तिला नेट. तिसरा भाग दोघांचा सामाईक, म्हणजे इकडची फाईल तिकडे द्यायला सोय. संगणक सुरू केला की पडदा विचारणार, कुठे जायचे? यालाच ड्युअल बूट म्हणतात. आम्ही खूश झालो. दोन वेगळी घरे झाली, आता कसली भीती, असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलो.

एके दिवशी शिष्यवृत्तीच्या यादीचे नाव असलेला ई-मेल आला. विंडोज १० वर आम्हीच तो उघडला. तासाभरात सामाईक भागातील फाईलींची नावे बदलली, एकही उघडेना, आणि पडद्यावर बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी झळकली. आम्ही घाईघाईने संगणक बंद केला आणि एक्सपीत गेलो. तेथे तरी पाने शाबूत असतील! पण तेथेही तेच. एक्सपी त्या दिवशी सुरूच झालेली नव्हती. ती झोपलेली होती, आणि झोपेतच तिचे घर लुटले गेले.

काय गेले? ११ वर्षांच्या स्मरणिका गेल्या. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, गुणपत्रिका, बँकेची पासबुके यांच्या स्कॅन केलेल्या प्रती गेल्या. हे पुन्हा करता येते. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेल्या आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांचे फोटो आम्ही घरोघर फिरून, फ्रेमच्या काचा काढून स्कॅन केले होते. त्यांतील काही घरांतील मूळ फोटो त्यानंतर पावसात भिजून गेले. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आणि आम्ही त्यांचे नाव घेणारे, आमच्या आजोबा-आजीचे फोटो एका हार्ड डिस्कच्या तिसऱ्या कप्प्यात टाकून निर्धास्त झोपलो. दुसरी प्रत नव्हती, हा आमचा पहिला गुन्हा. पण दुसरा गुन्हा समजुतीचा होता, आणि आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

गिरणगावातील चाळीत एका खोलीत पाळीने राहणारी माणसे आमच्या मागच्या पिढीने पाहिली आहेत. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरणार. दोघांची गाठ आठवडाभर पडत नसे. पण दिवसपाळीवाल्याची ट्रंक मात्र त्याच खोलीत, कोपऱ्यात. ती सुरक्षित राहिली ती माणसे इमानी होती म्हणून. मध्ये भिंत होती म्हणून नव्हे. ड्युअल बूट म्हणजे नेमकी हीच खोली. दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकाच वेळी जाग्या नसतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत असे वाटते. पण जी जागी असते ती सगळ्या हार्ड डिस्कची मालकीण असते. तिच्यात शिरलेल्या व्हायरसला पूर्ण अधिकार मिळाले, तर शेजारचा भाग वाचायला, खरवडायला, पुसायला त्याला कुणी अडवत नाही. लिनक्स तर विंडोजचा भाग सहज उघडून दाखवते. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, असे सांगून काहीजण समाधान मानतात. वाचता येत नाही हे खरे, पण पुसून टाकायला वाचता कशाला यावे लागते?

ट्रंकेला कुलूप लावता येते. लिनक्समध्ये लक्स आणि विंडोजमध्ये बिटलॉकर ही कुलपेच आहेत. त्यांनी मजकूर वाचता येत नाही. ती जरूर लावावीत. पण कुलूपबंद ट्रंकही खिडकीतून फेकता येते. शिवाय खोलीचा उंबरठा सामाईकच राहतो. संगणक सुरू होताना जो छोटा प्रोग्रॅम आधी धावतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो, तो दोन्ही बिऱ्हाडांचा एकच उंबरठा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने याच उंबरठ्यावर घाव घातला. डिस्कच्या अगदी सुरुवातीचा भाग तो स्वतःच्या मजकुराने लिहून काढत असे. त्यात मेर्स्क ही जगातील बलाढ्य जहाज कंपनी आडवी झाली आणि तिच्यामुळे आमच्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम कोलमडले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅममधून निघालेली आग न्हावा-शेव्याच्या कंटेनरपर्यंत आली!

व्हायरसच लागतो असेही नाही. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर ड्युअल बूट असलेल्या अनेक संगणकांत लिनक्स सुरू व्हायचीच बंद झाली. एका बिऱ्हाडाने उंबरठ्याचे नियम बदलले आणि दुसरे बिऱ्हाड बाहेर उभे राहिले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. सामाईक उंबरठ्याचे असेच असते.

मग खरी भिंत कशी घालायची? ही गोष्ट नवी नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात एका अवाढव्य संगणकाची अनेक खोटी-खोटी यंत्रे करून प्रत्येक माणसाला एकेक वाटून देण्याचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ते बाजारात आणले. आज त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. इंटेल आणि एएमडी यांनी २००५-०६ पासून साध्या प्रोसेसरमध्येही यासाठी खास सोय केली, आणि व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम तर फुकट मिळतो. यात एक ऑपरेटिंग सिस्टिम यजमान असते आणि तिच्या पोटात दुसरी पाहुणी म्हणून चालते. पाहुणीला वाटते की आपल्याला अख्खा संगणक मिळाला आहे. प्रत्यक्षात तिची हार्ड डिस्क म्हणजे यजमानाकडची एक मोठी फाईल असते, आणि तिचे नेटवर्क म्हणजे यजमानाने मनात आले तर लावलेली, नाही आले तर काढलेली एक वायर.

येथे उतरंड आहे. उतरंड हा शब्द आम्हाला आवडत नाही आणि का आवडत नाही हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण येथे ती समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. यजमानाला पाहुणीचे सगळे दिसते: तिच्या फाईली, तिची स्मृती, तिच्या पडद्यावरचे अक्षर, तिच्यात टाईप केलेला पासवर्ड. पाहुणीला मात्र यजमानाचे काही दिसत नाही. म्हणजे भिंत एकाच बाजूने अभेद्य आहे. आमचे सुशिक्षित मित्र नेमकी येथेच उलटी चूक करतात. रोजचे नेट, ई-मेल, सिनेमे, येणारे-जाणारे पेन ड्राइव्ह हे सगळे यजमान विंडोजवर करतात आणि संघटनेची गुप्त कागदपत्रे आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवून म्हणतात, तिजोरीत ठेवली! अहो, तिजोरी ज्या घरात आहे त्या घराचा मालकच चोराला सामील झाला तर तिजोरीचा उपयोग काय? धोक्याचे काम पाहुणीत करावे आणि यजमान स्वच्छ ठेवावा. आम्हाला हे एक वाक्य समजायला ११ वर्षांच्या स्मरणिका मोजाव्या लागल्या.

भिंतीला भोकेही पडतात. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाचा दोष उघडकीस आला. व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्लॉपी डिस्कची नक्कल करणाऱ्या भागात तो २००४ पासून दडून बसला होता. फ्लॉपी जगातून केव्हाच हद्दपार झाली होती, पण तिची नक्कल तशीच राहिली आणि तिच्या फटीतून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरता येत होते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. ते तर प्रोसेसरच्या घडणीतलेच होते. भिंत कितीही जाड असली तरी खालची जमीन एकच, तिच्यातून ओल झिरपावी तसा प्रकार. पण खरे सांगायचे तर बहुतेकांची भिंत अशा विद्वत्तेने फुटत नाही. ती आपणच फोडतो. यजमान आणि पाहुणीमध्ये सामाईक फोल्डर ठेवतो, इकडे कॉपी केलेले तिकडे पेस्ट व्हावे म्हणून क्लिपबोर्ड जोडून देतो. आमचा तो तिसरा कप्पा आठवा. सोय म्हणून पाडलेले दार चोरालाही सोयीचेच असते.

हा केवळ फोटो आणि स्मरणिकांचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. ३१ डिसेंबर २०१७ ची शनिवारवाड्यावरील एल्गार परिषद, १ जानेवारी २०१८ चा भीमा कोरेगाव येथील हिंसाचार आणि त्यानंतरची अटकसत्रे वाचकांच्या स्मरणात आहेत. या प्रकरणात आधार म्हणून पुढे आलेली पत्रे रोना विल्सन यांच्या संगणकात सापडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. पोलिसांनी तो संगणक १७ एप्रिल २०१८ रोजी जप्त केला. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्याच्या डिस्कच्या प्रतीची तपासणी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल जगासमोर आला. अहवालाचा निष्कर्ष असा की जून २०१६ मध्ये ई-मेलने आलेली एक फाईल उघडल्यावर नेटवायर नावाचा प्रोग्रॅम त्या संगणकात शिरला, २२ महिन्यांहून अधिक काळ कुणी तरी दुरून त्या संगणकावर ताबा ठेवून होते आणि ती पत्रे एका लपविलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून आणून ठेवली गेली. अहवालात एक साधी बाब आहे. पत्रे वर्डच्या २०१० किंवा २०१३ या आवृत्तीत तयार झाली होती आणि त्या संगणकात वर्ड २००७ होते! नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबाबतही त्याच संस्थेने पुढे असेच निष्कर्ष काढले. स्वामींवरचा अहवाल आला डिसेंबर २०२२ मध्ये. ५ जुलै २०२१ रोजीच ते कोठडीत असताना रुग्णालयात वारले होते. तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत आणि त्यांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये, अटकेनंतर साडेसहा वर्षांनी.

ज्याच्या घरात चोर शिरला त्यालाच दोष द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण कार्यकर्त्याने एवढे पाहावे: त्या अहवालात सांगितल्याप्रमाणे एक ई-मेल उघडली गेली आणि सगळा संगणक गेला. ई-मेल उघडण्याची खोली आणि कागदपत्रांची खोली एकच होती म्हणून गेला. परक्याची फाईल वेगळ्या खोलीत उघडली असती, तर आत आलेला त्या खोलीतच राहिला असता.

याच विचाराने पोलंडमधील योआना रुत्कोव्स्का या बाईंनी एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. २००६ मध्ये चालू असलेली विंडोज व्हिस्टा तिला कळूही न देता व्हर्च्युअल मशीनमध्ये ढकलून दाखवून या बाईंनी जाणकारांची झोप उडविली होती. भिंत कशी फोडायची हे ज्याला कळते त्यालाच ती बांधता येते. २०१० मध्ये त्यांनी क्यूब्सची घोषणा केली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ती मोफत आहे. तिच्यात यजमान जवळजवळ मुका-बहिरा असतो. त्याला नेटच नसते. नेटचे कार्ड एका वेगळ्या खोलीत, पेन ड्राइव्हची खाच दुसऱ्या खोलीत, बँक तिसरीत, ई-मेल चौथीत. एक खोली अशी की तिला नेट कधीच जोडलेले नसते. पासवर्ड आणि जपायचे कागद तेथे. प्रत्येक खोलीच्या खिडकीला रंगीत चौकट असते: लाल म्हणजे धोक्याची, हिरवी म्हणजे भरवशाची, असे आपणच ठरवायचे. (निळीही आहे. आमच्या लोकांनी ती कशासाठी राखायची हे सांगायला नको.) अनोळखी फाईल आली की ती उघडण्यापुरती एक खोली उभी राहते आणि खिडकी बंद केली की खोलीच नष्ट होते. संशयास्पद पीडीएफ असेल तर तिची पाने फोटोसारखी चित्रे करून नवी निरुपद्रवी पीडीएफ बनवून मिळते. एका खोलीतला मजकूर दुसरीत न्यायचा तर मुद्दाम वेगळ्या कळा दाबाव्या लागतात. नकळत काहीच सरकत नाही. गैरसोय वाटते खरी.

पण क्यूब्सला किमान ६ जीबी रॅम लागते आणि नीट चालायला १६ जीबी असावी असे तिचे कर्तेच सांगतात. प्रत्येक लॅपटॉपवर ती बसत नाही. मंडळाच्या वर्गणीतून घेतलेल्या जुन्या संगणकावर तर नाहीच. ज्या वकिलांकडे, पत्रकारांकडे, कार्यकर्त्यांकडे दुसऱ्यांच्या जिवाशी निगडित कागद आहेत, त्यांनी मात्र खर्चाकडे न पाहता हा विचार करावा.

मागे एका बैठकीत आम्ही हे मांडत असताना एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने हटकले, "आयुष्यभर वेगळे पाणवठे आणि वेगळ्या वस्त्या मोडायला आम्ही लढलो, आणि तुम्ही आता वेगळे ठेवा म्हणता?" सभेत हशा पिकला. आम्ही म्हणालो, "बाबा, वेगळी वस्ती केली ती माणसांना पाण्यापासून तोडण्यासाठी. येथे आम्ही विहिरीत घाण पडू नये म्हणून कठडा बांधतो आहोत." बाबांचे समाधान झाले की नाही ठाऊक नाही. पण त्यांनी नातवाचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाठवून दिला.

आता आमच्या खोलीतील व्यवस्था सांगतो. संगणक तोच, रॅम वाढवून ८ जीबी केली. यजमान म्हणून लिनक्स, डिस्कला कुलूप, आणि यजमानावर कुणी नेट पाहायचे नाही, पेन ड्राइव्ह उघडायचा नाही. तिच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्सवर दोन पाहुण्या. एक एक्सपी: पेजमेकर, श्रीलिपी आणि तिचा डोंगल. तिची नेटची वायर सेटिंगमध्येच काढलेली आहे. दुसरी अर्ज, ई-मेल आणि लोकांच्या पेन ड्राइव्हसाठी. तिचा स्वच्छ अवस्थेतील स्नॅपशॉट घेऊन ठेवला आहे आणि रोज संध्याकाळी ती त्या अवस्थेवर परत नेली जाते. दिवसभरात जे काही शिरले असेल ते तेथेच संपते. विद्यार्थ्यांचे दाखलेही तिच्यात रात्रभर राहत नाहीत. सामाईक फोल्डर नाही, क्लिपबोर्ड तोडलेला. एक्सपीतून छापखान्याकडे जाणारी पीडीएफ बाहेर काढायला चार पायऱ्या जास्त चढाव्या लागतात आणि आमचा डीटीपीवाला त्याबद्दल रोज कुरकुर करतो. त्याची कुरकुर आम्ही ऐकून घेतो. सगळ्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर महिन्यातून दोनदा घेतली जाते आणि ती डिस्क लोखंडी कपाटात, वायर काढून. आणि जे कागद कुणाच्या कोर्टकचेरीशी संबंधित आहेत त्यांच्यासाठी एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवला आहे, तो कधीच नेटला जोडत नाही. मेल्टडाऊनची ओल दोन वेगळ्या यंत्रांमध्ये झिरपत नाही.

फोटो पुन्हा गोळा करणे चालू आहे. ज्या घरांत मूळ प्रत होती त्यांनी न रागावता पुन्हा दिली. गेल्या आठवड्यात एक आजी स्वतः आल्या. पदरात गुंडाळलेली फ्रेम होती. फोटोत पांढऱ्या साडीतील तरुण बाई, कडेवर मूल. "मागच्या वेळी नेला होता ना, मग पुन्हा कशाला?" त्यांनी विचारले. आम्ही खरे ते सांगितले. त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली आणि स्कॅन होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.